दावणीला बांधलेल्या सव्वीस गाड्या

आत्याइतका मोटारसायकलींचा तिटकारा परभणी जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केला नसेल, आणि आत्याइतक्या मोटारसायकली दुसऱ्या कोणी सांभाळल्याही नसतील. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की ती पदर नाकाला लावायची. गाडी दिसायच्या आधी. ताडकळसच्या फाट्यावर कोणी किक मारली की आत्या इकडे घरात शिंकते, असं मी लोकांना सांगायचो. फाटा आमच्या गावापासून सहा किलोमीटर आहे. वारा उलटा असला तर शिंक थोडी उशिरा यायची, एवढंच. "राकेल पिऊन पादनारी ढोरं," असं ती गाड्यांना म्हणायची. रॉकेल वेगळं आणि पेट्रोल वेगळं, हे कोणी समजावून सांगायला गेलं तर म्हणायची, "पादन्यात काई फरक पडतो का? न्हाई ना? मंग ऱ्हाऊ दे."

तिला नाव होतं, पण ते रेशनकार्डाच्या बाहेर कधी आलं नाही. ती गावाची लेक. जिंतूरकडे दिली होती, तीन वर्षांत परत आली आणि पुन्हा गेली नाही. का आली, हे विचारायची छाती ज्यांच्यात होती ते तिच्या आधी वारले. माहेरी राहिलेली म्हणून सगळ्या गावाची ती आत्या. सरपंचाची आत्या, शिपायाची आत्या, तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या म्हाताऱ्यांचीसुद्धा आत्याच. माझं घर तिच्या घराला लागून. मी तेव्हा डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत ओट्यावर बसलेला होतो, आणि इतकी वर्षं बसलो होतो की ओट्याला माझा आकार आला होता. गाव मला मास्तर म्हणायचं. शाळा सोडून बाकी सगळीकडे मी मास्तर होतो.

आता गावाविषयी. आमच्या गावात गाडी कोणी लावत नाही, गाडी सोडून देतात. जिथं चाक थांबलं तिथं धनी उतरला. मारुतीच्या पायरीवर गाडी, हातपंपाच्या ओट्यावर गाडी, शाळेच्या फाटकात अशी आडवी गाडी की पोरं वरून उड्या मारून आत जायची आणि गुरुजी, पोट असल्यामुळे, बाहेरूनच शिकवायचे. एकदा आम्ही मयत घेऊन स्मशानात गेलो तर शेडखाली चार गाड्या उभ्या. ऊन होतं म्हणे, सीट तापतं. गाड्या सावलीत आणि मयत उन्हात. गाडीवाले बाजूला उभे राहून गुटख्याच्या पिचकाऱ्या मारत होते आणि खांदेकऱ्यांना सांगत होते, दोन मिनिटं दम धरा, किल्ली कुठं ठेवली बघतो. मी गोष्टी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. ही मात्र होती तेवढीच सांगितली. हिच्यात वाढवायला जागाच नव्हती.

या सगळ्यावर कळस म्हणजे हार्वेस्टर. सरपंच बाई होत्या. सही त्यांची, बाकी सगळं त्यांच्या यजमानांचं. त्यांना गाव 'मालक' म्हणायचं. मालकांचा हार्वेस्टर एका सुगीत आरोग्य उपकेंद्राच्या दारात बंद पडला आणि तिथंच राहिला. किती वर्षं? त्याच्या सीटमधून कडुलिंबाचं झाड उगवलं, त्याला लिंबोळ्या लागल्या, त्या लिंबोळ्यांची रोपं गावात तीन ठिकाणी लावून त्यांच्या सावलीत माणसं झोपायला लागली, एवढी वर्षं. त्याच्या धान्याच्या टाकीत कोंबड्या राहायच्या. खाली कुत्री व्यायची, तिथंच मरायचीसुद्धा. पावसाळ्यात त्याच्या पोटातून असं काळं-हिरवं पाणी गळायचं की उपकेंद्राच्या सिस्टर त्यावर विटा टाकायच्या आणि दारात आलेल्या बायांना म्हणायच्या, विटेवरून पाय टाकत या. दिवस भरलेल्या बायासुद्धा विटांवरून यायच्या, एक हात पोटावर आणि एक नाकावर. आत्या तिकडून जाताना तोंड फिरवायची. "मेलेलं जनावर गाव वढून टाकतंय," म्हणायची, "ह्येला कोन वढावं?"

आमच्या गावातून ऊसतोडीला जाणारी माणसं पुष्कळ. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा. भांडीकुंडी, कोयते, लेकरं, शेळ्या, सगळं त्यात चढायचं आणि होळीच्या पुढंमागं परत उतरायचं. नेता यायची नाही अशी एकच वस्तू, मोटारसायकल. ती गावात राहायची, म्हणजे गावाच्या तावडीत राहायची. मारोती आणि त्याची बायको सिंधू यांनी चार हंगाम जोडीनं ऊस तोडून गाडी घेतली आणि पहिल्या वर्षी मारुतीच्या देवळाच्या पाराआड लावून गेले. सहा महिन्यांनी आले तेव्हा आरसे नव्हते, बॅटरी नव्हती, सीट नव्हतं. मागचं चाक कोणीतरी नेलं होतं आणि गाडी पडू नये म्हणून तिथं, माणुसकीनं, दगड लावला होता.

सिंधू रडली नाही. ती तडक आत्याच्या दारात गेली आणि म्हणाली, आत्या, तुमचा गोठा रिकामाच हाय, पुढच्या साली गाडी तिथं ठिवू द्या. आत्यानं आधी पदर नाकाला लावला. मग बराच वेळ गोठ्याकडं पाहत राहिली. वडिलांच्या वेळी त्या गोठ्यात दोन्ही बाजूंनी बैल होते. बैल गेले तरी दावण तशीच होती, खुंट्यांच्या दोन लांब रांगा आणि त्यांच्यापुढची रिकामी गव्हाण.

"आन," ती म्हणाली. "पन माज्या गोठ्यात माज्या रितीनं ऱ्हाईल."

ती रीत अशी. गाडी धुऊन आणायची. टाकी कोरडी करून आणायची; गोठ्यात कडबा आहे, पेट्रोलचा थेंब चालणार नाही. हँडलला कुलूप घालायचं नाही, कारण "मान आवघडलेलं जनावर मी ठिवत न्हाई." पाटीवर वाघाचं तोंड किंवा 'नाद करू नको' असलं काही असेल तर त्यावर शेणाचा हात फिरेल, तक्रार चालणार नाही. गाडी आत आली की आत्या पुढच्या चाकातून दावं ओवायची आणि खुंटीला बांधायची. बैलाचंच दावं, बैलाचीच गाठ. किल्ली त्याच खुंटीला. वर पोत्याची झूल. हे सगळं करताना तिचा चेहरा असा व्हायचा, की कोणाच्या तरी ओकारीवर माती लोटायला लावलंय. झालं की हात राखेनं घासायची, मग चिंचेनं, मग पुन्हा राखेनं, हाताचा वास घ्यायची, 'शी' म्हणायची आणि पुढच्या गाडीला हात घालायची.

मोबदला ती घेत नव्हती. येताना प्रत्येकजण गुऱ्हाळावरची काकवीची एक बाटली आणायचा. दुसऱ्या वर्षी गाड्या अकरा झाल्या, तिसऱ्या वर्षी सव्वीस, आणि काकवी एवढी झाली की आमच्या गल्लीतल्या मुंग्यांना मधुमेह झाला.

तिथं मालकांची नजर पडली. गोठा गावठाणात होता, जागेचा कागद आत्याच्या नावावर नव्हता, आणि मालकांना त्यांचा जेसीबी उभा करायला छप्पर हवं होतं. समोर येऊन 'गोठा खाली कर' म्हणणं काही त्यांना जमलं नाही. आत्या त्यावर काय म्हणाली असती ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते चारचौघांत ऐकण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी नियम काढला. दसऱ्याचा ट्रक गेला, गाड्यांचे धनी शंभर कोसांवर उसाच्या फडात गेले, आणि आठव्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठरावाचा कागद लागला. आत्याला वाचता येत नव्हतं. तिनं मला ओट्यावरून उठवून नेलं. मी वाचून दाखवलं, की गावठाणाच्या हद्दीत कोणतेही वाहन एकाच जागी पंधरा दिवसांहून जास्त उभे आढळल्यास ते बेवारस समजून ग्रामपंचायत ताब्यात घेईल व त्याचा जाहीर लिलाव करील.

मी म्हटलं, असला ठराव करता येतो का इथूनच शंका आहे, आपण तालुक्याला अर्ज करू. आत्यानं विचारलं, अर्जाला किती दिवस लागतील? मी म्हटलं, लवकर झालं तर सहा महिने. तिनं अर्जाचा विषय तिथंच सोडला आणि ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मध्येच अडवलं.

"येकाच जागी?"

"एकाच जागी."

"आन जागा बदलली तर?"

मी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, शिक्क्यासकट. "त्याचं काही लिहिलेलं नाही, आत्या."

"मंग झालं तर. दावन बदलायची."

दावण बदलायची म्हणजे काय, हे मी ओट्यावरून पाहिलं, आणि पाहूनच मला दम लागला. रांगेतली शेवटची गाडी सोडून अंगणात काढायची. मग बाकीच्या एकेक खुंटी पुढं सरकवायच्या आणि अंगणातली पहिल्या खुंटीला आणून बांधायची. तेरा-तेरा गाड्यांच्या दोन रांगा. सव्वीस दावी सोडायची, सव्वीस बांधायची, किल्ल्या ज्याच्या त्याच्या बरोबर न्यायच्या. हे पासष्टीच्या पुढची एक बाई करत होती, जिला गाडीच्या हँडलला हात लावायचा म्हटलं की शहारे यायचे. प्रत्येक गाडीला ती एक शिवी द्यायची, आणि सव्वीसपर्यंत एकही शिवी दोनदा यायची नाही. मी ओट्यावरून धीर द्यायचो. सकाळी सुरू केलेलं काम जेवणवेळेला संपायचं, आणि त्या दिवशी ती जेवायची नाही. हाताचा वास जात नाही म्हणायची.

ग्रामपंचायतीचा शिपाई नामदेव गेरूचा डबा घेऊन यायचा. प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकाभोवती रिंगण काढायचा, बाजूला तारीख टाकायचा, आणि पंधरा दिवसांनी येऊन बघायचा की चाक रिंगणात आहे का. पहिल्या खेपेला आला तर सव्वीसच्या सव्वीस चाकं रिंगणाबाहेर; नव्या खुंटीला बांधताना आत्या प्रत्येक चाक तिथल्या जुन्या रिंगणाच्या हातभर अलीकडं ठेवायची. तो बिचारा उकिडवा बसून डोकं खाजवायला लागला. तेव्हा आत्यानं त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि गोड आवाजात विचारलं की बाबा, ठरावात 'कोणतेही वाहन' म्हटलंय ना? नामदेव म्हणाला, व्हय. मग तिनं त्याचा दंड धरला आणि डब्यासकट उपकेंद्राच्या दारात नेऊन उभा केला. "काढ," ती म्हणाली. नामदेवानं इकडंतिकडं पाहिलं. मालक परभणीला गेलेले होते. शेवटी त्यानं डोळे मिटून हार्वेस्टरच्या चाकाभोवती रिंगण काढलं. रिंगण वाकडं आलं, तारीख मात्र बरोबर होती.

पुढचे पंधरा दिवस गावात दुसरा विषय नव्हता. चौदाव्या दिवशी मालकांनी ट्रॅक्टर आणला, साखळी लावली आणि अर्ध्या गावासमोर हार्वेस्टर ओढला. पुढचा आस निखळून ट्रॅक्टरबरोबर गेला, बाकीचा हार्वेस्टर आपल्या कडुलिंबाला धरून जागच्या जागी बसला. आतून कोंबड्या उडाल्या, आणि त्याच्या पोटात कधीचं काय साचलेलं होतं ते एकदम बाहेर आलं. तो वास मी सांगू शकत नाही. पूर्णा नदीतल्या माशांनी त्या दिवशी येलदरी धरणाकडं तोंड फिरवलं, एवढं सांगतो. मालक रुमालाआडून गरजले, की आता याला चाकंच नाहीत, म्हणजे हे वाहनच नाही, म्हणजे याला ठराव लागू नाही. हे झालं बांधकाम.

"बरं, बांधकाम," आत्या म्हणाली. "मंग ह्येची घरपट्टी भर."

गाव असं हसलं की उपकेंद्रातल्या सिस्टर सुई हातात घेऊन बाहेर आल्या. मालक मात्र हसले नाहीत. त्या दिवसापासून ते स्वतः नामदेवाच्या मागं उभे राहून रिंगणं तपासायला लागले. एक जरी चाक रिंगणात सापडलं असतं, तर सव्वीस घरांच्या गाड्या लिलावात गेल्या असत्या, आणि त्या घरांपैकी एकही माणूस गावात नव्हता.

आणि मग मारोतीचीच गाडी आत्याच्या पायावर पडली. तिनं पायाला हळद लावून फडकं बांधलं, उरलेल्या गाड्या सरकवल्या आणि मग खाली बसली. आठ दिवसांत पाय काळा पडला. सिस्टरनं बळंच परभणीच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं दोन बोटं काढावी लागतील म्हणाले. आत्या त्याला तयार होती. दवाखान्यात राहायला तयार नव्हती, कारण पंधरावा दिवस मध्येच पडत होता. एसटीत बसताना तिनं माझा हात धरला आणि गाड्यांचा जिम्मा माझ्यावर टाकला. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, आत्या, बिनघोर राहा.

आता यापुढचं सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. मी शिकलेला माणूस. मी विचार केला, ठराव कशावर चालतो? रिंगणावर. मग एवढ्या गाड्या ढकलायच्या कशाला? मी नामदेवाचीच युक्ती त्याच्यावर उलटवली. ओलं पोतं घेतलं, सगळी रिंगणं पुसली, गेरू आणला आणि प्रत्येक चाकाच्या हातभर बाजूला नवीन रिंगण काढून त्याशेजारी जुनीच तारीख टाकली. तासाभरात सव्वीस गाड्या जागच्या जागी हलल्या. दुसऱ्या दिवशी मालक आले, त्यांनी वाकून वाकून पाहिलं, प्रत्येक चाक रिंगणाबाहेर, आणि दात खात परत गेले. मी ओट्यावर बसून स्वतःच्या बुद्धीवर इतका खूश झालो की त्या दिवशी मीच मला दोनदा मास्तर म्हणालो.

आत्या नवव्या दिवशी आली. पायाला हे एवढं बँडेज, हातात काठी. घरात न जाता सरळ गोठ्यात गेली. मी पाठोपाठ. तिनं रिंगणांकडं पाहिलंच नाही. ती मारोतीच्या गाडीपाशी थांबली. हँडलपासून गव्हाणीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं होतं, चांगलं मोठं, जुनं, धुळीनं भरलेलं. कुठं तुटलेलं नव्हतं.

ती वळली आणि माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं मी तो चेहरा पाहत आलो होतो. तो तिनं मोटारसायकलींकडं केला, हार्वेस्टरकडं केला, गुटख्याच्या पिचकाऱ्यांकडं केला. माझ्याकडं कधी केला नव्हता.

"मास्तर," ती हळू म्हणाली, "ह्या कोळ्याला ठराव वाचून दाखव."

मी काहीतरी बोललो, की गाड्या वाचल्या ना, मालक फसले ना. ती काठी टेकत वाकली आणि मला गाडीचं मागचं चाक दाखवलं. हवा उतरलेली, टायर जमिनीवर पसरलेलं, आणि टेकलं होतं तिथं बारीक चिरा.

"येका जागी बसून बसून हिचं बूड चपटं झालंय. तुज्यासारखं. मी सिंधूला गाडी सांबाळीन म्हनून जबान दिलीया. नामदेवाला फसवीन म्हनून दिली न्हाई."

मग ती बाजेवर बसली, काठी मांडीवर आडवी घेतली, आणि मी गाड्या हलवल्या. सव्वीस. पाचव्या गाडीला माझा सदरा भिजला, दहाव्या गाडीला ग्रीस कोपरापर्यंत आलं, पंधराव्या गाडीच्या सीटखालून उंदराची पिलं निघाली, गुलाबी, ओली, माझ्याच पायावर. आत्या एक शब्द बोलली नाही, शिवीसुद्धा नाही. त्या शिव्या मला हव्या होत्या. संध्याकाळी मी राखेनं हात घासले, मग चिंचेनं, मग पुन्हा राखेनं. वास तसाच. तेव्हा मला कळलं, की ही बाई दर पंधरा दिवसांनी एक दिवस उपाशी का राहायची.

त्या होळीला माणसं परत आली. सव्वीस गाड्या दाव्यातून सुटल्या, गल्ली धुरानं भरली. काकवीच्या बाटल्या आल्या. कोणाला पायाविषयी सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. सिंधूच्या ते लक्षात आलं तेव्हा आत्या म्हणाली की उंबऱ्याला ठेच लागली. दोन बोटं जाण्याएवढी ठेच देणारा उंबरा मी जन्मात पाहिला नाही, आणि थापा मारण्यात माझा हात धरणारं गावात कोणी आहे, हेही मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

पुढचे हंगाम असेच गेले. मी ताडकळसला खत-बियाण्याचं दुकान टाकलं, ओटा सुटला. तरी दावण बदलायच्या दिवशी सकाळी मी जायचो, अर्धी रांग करायचो, अर्धी ती करायची. लंगडत, शिव्या देत. मी बरोबर करतो का याच्यावर तिचा डोळा असायचा.

गेल्या वर्षी पौषात ती झोपेतच गेली. माणसं फडावर होती. मुकादमानं कोणाला सोडलं नाही. दिवसभर माझा फोन वाजत राहिला, सव्वीस घरांतून, मागं कोयत्यांचा आवाज, आणि बायका नुसत्या रडत होत्या. गाडीचं कसं, असं एकानंही विचारलं नाही. शेवटी सिंधूच्या हातून मारोतीनं फोन घेतला आणि एवढंच विचारलं, की खांदा कुणीकुणी दिला.

चार दिवसांनी पंधरावा दिवस आला. मी नामदेवाला निरोप धाडला, की गेरूचा डबा घेऊन ये, पण आज दुपारनंतर ये, मी एकटा आहे, मला वेळ लागेल. तो निरोप ऐकून स्वतःच आला, रिकाम्या हातानं, आणि दारात घुटमळत उभा राहिला.

"कशाचा गेरू, मास्तर? त्यो ठराव त्या घरपट्टीच्या सालीच मेला की. पुढच्या दसऱ्याला मालकानीच कागद काढून घेतला. नंतर कोन आलं का तपासायला?"

खरंच कोणी आलं नव्हतं. मी अर्धी रांग ढकलायचो आणि दुकानाला पळायचो. जमिनीकडं कधी पाहिलंच नव्हतं.

"आत्याला माहीत नव्हतं?"

"मीच सांगितलं हुतं तिला. म्हनली, तुजा ठराव गेला आसंल, टायरं हायत ना."

असं म्हणून नामदेव गेला. मदतीला थांबला नाही. गावातलं दुसरंही कोणी आलं नाही. गोठ्यासमोर चार गाड्या आडव्या लावून लोक पारावर गप्पा मारत बसले होते, आणि मला त्या चारही आधी ढकलून बाजूला कराव्या लागल्या, तेव्हा कुठं गोठ्याचं दार उघडलं. मग मी सव्वीस दावी सोडली, सव्वीस बांधली. बैलाची गाठ मला नीट येत नाही. दर वेळी तीनदा सोडून बांधावी लागली. हंगाम संपेपर्यंत असं मी पाच वेळा केलं.

होळीच्या आदल्या दिवशी ट्रक आला. माणसं गोठ्याच्या दारात येऊन थबकली. आत कोणी पाऊल टाकेना. मग सिंधू गेली, रिकाम्या बाजेच्या पाया पडली, आणि तिच्यामागं सगळे गेले. मारोतीनं आपल्या गाडीची झूल काढली. खाली बसून मागचं टायर अंगठ्यानं दाबलं, चाक फिरवून सगळीकडून पाहिलं. चीर नव्हती. त्यानं बाटलीतलं पेट्रोल टाकीत ओतलं. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.

"बगा," तो सगळ्यांना म्हणाला. "मरायच्या आधी आत्यानं हात फिरवून ठिवलाय गाडीवर. हिला काई झालं न्हाई."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझे तळवे दोन महिन्यांपासून सोललेले होते. मी ते पाठीमागं घेतले आणि म्हणालो, "व्हय, आत्यानंच."